चालवणाऱ्याची सही

"उजवा हात निकामी झालाय असं धरूनच आता पुढचं ठरवा," डॉक्टर म्हणाला, आणि मला रडू यायच्या ऐवजी राग आला. खरं तर बिचाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. आमच्या लेकीच्या वयाचा असेल, वर्षभर त्याने यांची किती काळजी घेतली ते मी डोळ्यांनी पाहिलंय. खांद्यातल्या नसा मुळापासून तुटल्यात, ऑपरेशनने व्हायचं तेवढं झालं, वर्ष उलटून गेलं, आता उगाच आशेवर झुलवत ठेवण्यात अर्थ नाही, हे सगळं तो हळू, नीट, मधून मधून चष्मा पुसत सांगत होता. पण सांगत होता मला. हे माझ्या शेजारच्या खुर्चीत बसलेले, उजवा हात मांडीवर, म्हणजे डाव्या हाताने उचलून मांडीवर आणून ठेवलेला, आणि डॉक्टर त्यांच्या डोक्यावरून माझ्याशी बोलत होता. शाळेत पोराला बाजूला उभं करून मास्तर त्याच्या आईशी बोलतात ना, अगदी तसं. अरे बाबा, ज्याचा हात आहे त्याला विचार ना एकदा! मी तोंड उघडणार इतक्यात हेच म्हणाले, "बरं." एवढंच. ज्या माणसाला मीठ कमी पडलंय हे सांगायलाही पाच वाक्यं आणि एक गोष्ट लागते, त्यांनी नुसतं 'बरं' म्हणून खुर्ची मागे सारली. जिन्यात भिंतीकडच्या बाजूने हळूहळू उतरताना म्हणाले, "चहा घ्यायचा का?" मी म्हटलं, घेऊ. चहा घेतला. त्यांनी कप डाव्या हाताने धरला होता आणि तो थोडा हिंदकळत होता, आणि माझ्या डोक्यात डॉक्टरचा 'निकामी' हा एकच शब्द घाण्याच्या बैलासारखा फिरत होता.

कारण तो माझा शब्द आहे. मी काही तो जन्माला घातला नाही, कबूल. पण उभी नोकरी त्याच्यावर काढली, तेव्हा थोडा हक्क पोचतोच. शहरातल्या बसडेपोत सुट्या भागांचं स्टोअर आहे, तिथे मी तपासनीस. गाडीतून काढलेला प्रत्येक भाग आधी माझ्या टेबलावर येतो: स्टार्टर, हॉर्न, वायपरची मोटर, कधी अख्खा गिअरबॉक्स दोघांनी उचलून. मी तो बघते, हलवून बघते, कानाशी नेऊन बघते, आणि त्याला सुतळीने चिठ्ठी बांधते. पिवळी चिठ्ठी म्हणजे दुरुस्ती, तो भाग वर्कशॉपमध्ये जातो. लाल चिठ्ठी म्हणजे निकामी, तो मागच्या आवारात. बाहेरचे लोक हा शब्द कुठेही फेकतात. आमची लेक तिचा फोन जरा हळू चालला की म्हणते, निकामी झालाय. झालेला नसतो, तो फक्त दमलेला असतो. मोडलेलं वेगळं, बिघडलेलं वेगळं. बिघडलेल्या गोष्टीवर आपण चिडतो, म्हणजे तिच्याकडून अजून आशा असते. कुचकामी म्हणजे जे कधी धड चाललंच नाही ते. ती शिवी आहे आणि ती मी बऱ्याच फिटरांना दिलेली आहे. निकामी ही शिवी नाही. एखाद्या गोष्टीने मन लावून काम केलेलं असल्याशिवाय तिला निकामी म्हणता येत नाही. हे मला उस्तादांनी शिकवलं. उस्ताद म्हणजे माझ्या आधीचे तपासनीस. सगळा डेपो त्यांना उस्तादच म्हणायचा, मीही तेच म्हणायचे, ते मला 'पोरी' म्हणायचे. त्यांचा एक नियम होता, आणि तो डेपोच्या कुठल्याही छापील नियमात नव्हता, पण त्यांच्या काळापासून तो मोडायची कोणाची छाती झाली नाही. चालवणाऱ्याला विचारल्याशिवाय लाल चिठ्ठी नाही. भाग कितीही मेलेला दिसो, ज्या ड्रायव्हरच्या गाडीचा असेल त्याला खिडकीशी बोलवायचं आणि विचारायचं, "तुझं काय म्हणणं?" तो मग सांगतो. कोणी पटकन सांगतो, कोणी त्या भागाची सगळी कुंडली मांडतो: कुठल्या चढावर याने साथ दिली, कुठल्या थंडीत कुरकुरला. सांगून झालं की तो स्वतःच म्हणतो, "गेला आता." मग चिठ्ठीवर आधी त्याची सही, खाली माझी. आणि ती चिठ्ठी लागल्याशिवाय नवा भाग मिळत नाही. जुना जमा, तरच नवा. "पोरी," उस्ताद म्हणायचे, "तो शब्द आपण फक्त लिहायचा. म्हणायचा त्याने."

आणि हाच नियम मी कामाच्या पहिल्याच आठवड्यात मोडला म्हणून तर माझं लग्न झालं. आवाराला नवीन बोर्ड लावायचा होता, 'निकामी माल', आणि तो रंगवायला एक पेंटर आला होता, शिडीवर चढून दिवसभर शीळ घालणारा. मी नवीन, उत्साह नुसता उतू चाललेला. आवाराच्या दाराशी एक तीन पायांचं स्टूल दिसलं, एक पाय तारेने गुंडाळलेला, वरची फळी रंगांच्या थेंबांनी माखलेली. मी म्हटलं हे काय ठेवलंय इथे, आणि बांधली लाल चिठ्ठी. हमालांनी ते उचलून आत ढिगावर फेकलं. संध्याकाळी खिडकीशी हे उभे, नाकाच्या शेंड्यावर पांढरा रंग. "ही चिठ्ठी कोणी लावली?" मी म्हटलं, मी. "मला विचारलंत?" मी म्हटलं, तुम्ही कोण, चालवणारे? "चालवणारा नाही बाई," हे म्हणाले, "बसणारा." मागे उस्ताद टेबलावर डोकं ठेवून हसत होते. मग हे मला आवारात घेऊन गेले, ढिगातून स्टूल ओढून काढलं, स्वतः रंगवलेल्या त्या ओल्या बोर्डाखाली ठेवलं आणि म्हणाले, "बसा." मी नको नको म्हणत बसले. स्टूल हललं, पण पडलं नाही. "सांगा आता," हे म्हणाले, "निकामी आहे?" माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. मी म्हटलं, नाही. "मग तसं लिहून द्या." मी खरंच लिहून दिलं, आणि पुढे बाकीचंही सगळं लिहून दिलं. ते स्टूल अजून आमच्या घरात आहे. त्याची तार तीनदा बदलली असेल. गेलं वर्षभर हे त्याच्यावरच बसतात, खिडकीशी, सकाळपासून.

त्यांचा हात. काय सांगू मी त्या हाताचं. आता सगळीकडे छापील बोर्ड निघालेत, फटाफट चिकटवायचे आणि मोकळं व्हायचं, तरी आमच्या भागातल्या दुकानदारांना यांचंच अक्षर लागायचं. शिंप्याच्या बोर्डावरचं अक्षर बघून कापड घ्यावंसं वाटायचं आणि दातांच्या डॉक्टरच्या बोर्डावरचं अक्षर बघून भीती जायची, असं मी म्हणते, आणि हे म्हणायचे की तू बायको आहेस म्हणून म्हणतेस. फूटपट्टी कधी लावली नाही. उजव्या हातात ब्रश, करंगळी भिंतीला टेकलेली, आणि डाव्या हातात रंगाचा डबा. जन्मभर डाव्याने फक्त डबा धरला. "डावा म्हणजे माझा मदतनीस," म्हणायचे, "त्याला अजून शिकायचंय." लग्न ठरल्यावर माझी आई काळजीत होती, रंगारी माणूस, महिन्याचा पगार नाही, तर हे घरी आले आणि तिच्या पिठाच्या, साखरेच्या, चहाच्या डब्यांवर नावं घालून दिली. आई दिवसभर स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही, डबे बघत बसली. त्यानंतर लेकीपेक्षा जावई लाडका झाला. आणि मागच्या वर्षी एका औषधाच्या दुकानाचा बोर्ड करताना शिडीचा पाय सरकला. खांद्यावर पडले. डोक्याला खरचटलंसुद्धा नाही, बाकी सगळं जिथल्या तिथे, फक्त तो हात. बोर्डावर 'औष' एवढंच झालं होतं. दुकानदाराने ते कितीतरी दिवस तसंच ठेवलं होतं, यांच्यासाठी म्हणून. तो रस्ता मी टाळायचे. मग एकदा जावंच लागलं, तर तिथे छापील बोर्ड लागलेला, आणि मला हायसं वाटलं आणि लगेच त्या हायसं वाटण्याचा इतका संताप आला की मी घरी येऊन उगाच पडदे धुतले.

वर्षभर आम्ही व्यायाम केले. आम्ही म्हणजे मीच त्यांचा हात वर उचलायचे, खाली आणायचे, बोटं उघडायचे, मिटायचे. हात गरम असतो. हे लोकांना माहीत नसतं. त्यांना वाटतं तो थंड असेल. गरम असतो, नखं वाढतात, मी ती कापते. कापताना हे गमती करायचे, "ए हळू, मला काहीच कळत नाहीये, उगाच पूर्ण बोट घेशील." पण डाव्या हाताने काही लिहून बघा म्हटलं की विषय बदलायचे. व्यायाम शिकवणारी मुलगी वही-पेन्सिल देऊन गेली, ती तशीच कोरी. बँकेत सहीचा प्रश्न आला तेव्हा तिथल्या माणसाने शाईची डबी पुढे केली आणि म्हणाला, काका, अंगठा द्या. त्या बँकेचा बाहेरचा जुना बोर्ड यांच्या हातचा. यांनी डावा अंगठा दिला. पण घरी येईपर्यंत तो पँटला पुसत होते, शाई गेली तरी पुसत होते. मी रागाने म्हटलं, अहो, डाव्याने नुसतं नाव तर लिहायला शिका, त्यात काय कमीपणा? तर म्हणाले, "उजवा काय म्हणेल?" मला तेव्हा वाटलं थट्टा करतायत. म्हणून मी हसले होते, आणि आता आठवतंय की ते हसले नव्हते.

तर दवाखान्यातून आल्यावर त्यांच्या तोंडाला कुलूप. म्हणजे भांडण नाही, रुसवा नाही, "पेपर आला का", "दूध बघ, उतू जाईल" एवढं सगळं व्यवस्थित. पण शीळ बंद. बडबड बंद. गॅलरीतून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या खोड्या काढणं बंद. लेकीचा फोन आला, ती म्हणाली, "आई, बाबांशी त्या विषयावर बोलूच नकोस. त्यांना वेळ दे." मलाही तेच हवं होतं. मी ठरवलंच होतं की त्यांना विचारायचं नाही. कारण मला नियम माहीत आहे. डॉक्टर काहीही म्हणो, तो तपासणारा. त्याच्या एकट्याच्या म्हणण्याने काही होत नाही. पण मी विचारलं आणि यांनीच तो शब्द उच्चारला तर मग संपलं. मी किती ड्रायव्हर पाहिलेत, 'गेला आता' म्हणताना त्यांचा चेहरा कसा होतो ते. भागाचं काही नाही हो, लोखंड ते लोखंड. पण म्हणणाऱ्याचा आवाज एक पायरी खाली उतरतो आणि मग तो पटकन घड्याळ बघतो, नाही तर पाणी मागतो. यांच्या तोंडून ते मला ऐकायचं नव्हतं. मला त्यांचा तो हात हवा होता. तो चालो न चालो, निकामी नसलेला हवा होता. एवढी साधी गोष्ट मी कोणाला सांगणार? म्हणून मी घरात बडबड करायला लागले, त्यांच्या वाटची आणि माझ्या वाटची. शेजारणीने विचारलंसुद्धा, घरात पाहुणे आलेत का म्हणून.

डेपोत मात्र माझं काहीतरी बिनसलं. मला ते आधी कळलं नाही. लाल चिठ्ठ्यांचं पॅड टेबलाच्या उजव्या कोपऱ्यात असतं, पिवळ्यांचं डाव्या. माझा हात आपोआप डावीकडे जायला लागला. फुटक्या हॉर्नला पिवळी. जळक्या मोटरला पिवळी. मनात म्हणायचे, बघू दे वर्कशॉपवाल्यांना, त्यांचं काय जातंय? एक पंखा आला, त्याची तिन्ही पाती तीन दिशांना, मी त्यालाही पिवळी बांधली आणि वर गाठ मारताना त्याला म्हटलं, होशील बरा. खरंच म्हटलं. मग त्या स्टार्टरचं प्रकरण झालं. एका जुन्या गाडीचा स्टार्टर, आतून पूर्ण वितळलेला, त्याचा वास टेबलापर्यंत आधी पोचला आणि तो मागून आला. मी पिवळी लावली. वर्कशॉपने परत पाठवला. मी पुन्हा पिवळी लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी मिशीवाला फिटर खिडकीत. त्याला सगळे मिशीच म्हणतात, आणि त्याने ती काढली तरी म्हणत राहतील.

"ताई, तुमची तब्येत बरी आहे ना?"

"मला काय धाड भरलीय? का?"

"नाही, तो स्टार्टर बघितलात का तुम्ही? त्याच्यात दुरुस्त करण्यासारखं काय आहे? त्याचं नाव दुरुस्त करू?"

"वर्कशॉपचं काम आहे ते. आळशीपणा करू नका," मी म्हटलं. मी तशी तापट आहे, डेपोत सगळ्यांना ठाऊक आहे, पण मिशी हलला नाही.

"ताई, रागावू नका. तुम्ही लाल देत नाही म्हणून स्टोअर नवा देत नाही. कपाटात नवाकोरा पडलाय, खोक्यात. गाडी दोन दिवस उभी आहे. धडधाकट गाडी! लोक स्टॉपवर शिव्या घालतायत."

त्याच्या मागे त्या गाडीचा ड्रायव्हर उभा होता, वयस्कर, निवृत्तीला आलेला, हातात टोपी. त्याला मी विचारलंच नव्हतं. नोकरीत पहिल्यांदाच मी कोणाला विचारलं नव्हतं, स्टूल सोडून. मी त्याच्याकडे बघितलं. "दादा," मी म्हटलं, "तुमचं काय म्हणणं?" तो पुढे आला. स्टार्टर उचलला, उलटा केला, तळहाताने त्याच्यावरची काजळी पुसली. मला वाटलं आता हा मोठी कहाणी सांगणार. तर तो म्हणाला, "गेला हो ताई. चांगला होता, पण गेला. मी कधीपासून थांबलोय, तुम्ही विचाराल म्हणून. द्या त्याला लाल, मला गाडी काढू द्या." आणि पेन मागितलं. आवाज खाली गेला त्याचा, गेलाच. पण सही करून झाल्यावर त्याने ना घड्याळ बघितलं, ना पाणी मागितलं. तो थेट स्टोअरच्या दाराशी गेला आणि नव्या खोक्याची पट्टी दातांनी तोडायला लागला. मी खिडकीतच बसून राहिले. इतकी वर्षं मी त्यांचे चेहरे सही करेपर्यंतच बघत आले होते. सही झाली की माझी मान खाली, पुढचा भाग, पुढची चिठ्ठी. त्यानंतर ते कुठे जातात ते बघायला मी कधी मान वरच केली नव्हती. थोड्या वेळाने वर्कशॉपकडून ती गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, एका झटक्यात. मिशी लांबून ओरडला, "ताई, निघाली!" आणि मी भर ड्यूटीवर पदराने डोळे पुसले. मिशीने ते बघितलं आणि शहाण्यासारखा दुसरीकडे बघायला लागला.

दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. जेवण झालं, भांडी झाली. हे खिडकीशी स्टुलावर, पेपर मांडीवर पसरलेला, उजवा हात त्याच्यावर वजनासारखा. ऊन खिडकीतून आत आलं होतं आणि त्या हातावर पडलं होतं. मी कपाट आवरलं. आवरलेलं पुन्हा आवरलं. मग पर्स उघडली. लाल पॅड पर्समध्येच असतं माझ्या, पिवळंही असतं, सवयच आहे. लाल पॅड काढून मी त्यांच्यासमोर टेबलावर ठेवलं आणि खुर्ची ओढून बसले. त्यांनी पॅडकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"आठवण झाली म्हणायची," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? त्या डॉक्टरने नाही विचारलं, ते मी समजू शकतो. तो कुठे डेपोत होता? पण तू? मी रोज वाट बघतोय. म्हटलं आज विचारेल, उद्या विचारेल. तू आपली दुधाचे भाव सांगतेयस."

इतके दिवस मी त्यांना जपत होते, आणि ते तिथे स्टुलावर बसून, खिडकीशी ताटकळलेल्या त्या ड्रायव्हरसारखे, माझ्या विचारण्याची वाट बघत होते. "मला भीती वाटत होती," मी म्हटलं.

"मला नाही वाटत होती?" ते म्हणाले. मग पेपर बाजूला सारून, "विचार. रीतसर विचार."

मी पदर सावरला, पेन हातात घेतलं. "तुमचं काय म्हणणं?"

त्यांनी डाव्या हाताने उजवा हात उचलला आणि उन्हात धरला. नखाच्या कडेला एक हिरवा ठिपका अजून आहे, औषधाच्या दुकानाचा हिरवा. तो कातडीतच गेलाय. "चांगला चालला," ते म्हणाले. "कधी दगा दिला नाही याने. थंडीत नाही, तापात नाही. तुझ्या आईचे डबे केले तेव्हा तर मला धड झोपही नव्हती, तरी कापला नाही. दगा शिडीने दिला, याचा काही दोष नाही. ते लिही."

"लिहिते."

"आणि मी त्याची वाट बघितली. तेही लिही. कोणी म्हणायला नको की लगेच टाकला." एवढं म्हणेपर्यंत ठीक होतं. मग आवाज खाली उतरला, उतरणारच होता. "निकामी," ते म्हणाले. "झाला निकामी."

मी रडले. लपवून नाही, सरळ टेबलावर डोकं ठेवून रडले, आणि त्यांनी डाव्या हाताने माझे केस विस्कटले. "ए, चिठ्ठी भिजेल," म्हणाले. "सरकारी आहे." मग मी नाक पुसून चिठ्ठी लिहायला घेतली. वस्तू: उजवा हात. कारण: शिडीवरून पडून, वस्तूचा दोष नाही. तपासणाऱ्याची सही खाली, ती जागा मी मोकळीच ठेवली, कारण आधी त्यांची. पॅड त्यांच्याकडे सरकवलं.

"अंगठा देऊ?" ते म्हणाले. हसत म्हणाले, पण ते हसू मला माहीत आहे, बँकेतून आणलेलं.

"आमच्याकडे अंगठा चालत नाही," मी खिडकीतल्या आवाजात म्हटलं. "सही लागते. आणि जुना जमा झाल्याशिवाय नवा मिळत नाही. नियम आहे."

"नवा कुठाय?"

मी त्यांच्या डाव्या हाताकडे बोट दाखवलं. त्यांनी त्या हाताकडे अशा नजरेने पाहिलं, जणू तो इतकी वर्षं दारामागेच उभा होता आणि आज कोणीतरी त्याचं नाव पुकारलं. "हा?" ते म्हणाले. "हा डबा धरणारा?" तरी पेन घेतलं. कसं धरायचं तेच कळेना, दोन बोटांत, मग तीन बोटांत, मग मुठीत. पॅड सरकायला लागलं. मी धरायला हात पुढे केला तर म्हणाले, "तू थांब," आणि पेन खाली ठेवून उजवा हात उचलला आणि पॅडच्या वरच्या कडेवर आणून ठेवला. पॅड गप्प बसलं. मग जीभ दातांत धरून, कपाळाला आठ्या घालून, त्यांनी सही करायला सुरुवात केली. पहिली रेघ चढणीला लागली. वळण घ्यायचं तिथे पेन अडलं आणि कागद जरासा फाटला. पुढची अक्षरं एकमेकांच्या अंगावर. झाल्यावर ते मागे रेलले, मान तिरकी केली आणि एक डोळा बारीक केला. दुसऱ्यांचे बोर्ड ते रस्त्यात असेच बघायचे, आणि मग मला दंडाला धरून पुढे ओढून न्यायचे, इतका त्यांना ते बघून त्रास व्हायचा.

"हे काय आहे?" ते म्हणाले.

"सही आहे. चालेल."

"चालेल काय चालेल? हे अक्षर मी माझ्या नावाने सोडू? लोक काय म्हणतील? पेंटर होता की कोण होता? फाड ती. दुसरी दे."

मी दुसरी दिली. तिच्यावर पहिली रेघ जरा सरळ आली, तर शेवट घसरला. तिसरीवर त्यांनी वळण आधी हवेत करून बघितलं, ब्रशने करायचे तसं. चौथी लिहिता लिहिता स्वतःशीच म्हणाले, "करंगळी टेकव रे, करंगळी टेकव," आणि मला क्षणभर कळेना हे कोणाला सांगतायत. मग कळलं. मदतनिसाला. टेबलावर लाल चिठ्ठ्यांचा ढीग व्हायला लागला, प्रत्येकीवर माझ्या अक्षरात 'उजवा हात' आणि त्यांच्या अक्षरात काहीतरी भयंकर. मी सुतळी हातात घेऊन बसले होते.

"अहो, यातली बांधायची कुठली?"

"एकही नाही. बांधण्यासारखी होऊ तर दे," मान वर न करता ते म्हणाले. "पुढची."

पुढची दिली, तिच्या पुढची दिली. दारावरची घंटा वाजली, शेजारीण डोकावली, तिला मी हातानेच नंतर ये म्हटलं. ऊन टेबलावरून खाली उतरलं. आणि मग, मला वाटतं त्यांना स्वतःलाही कळलं नसेल, वळण घेताना ओठांतून बारीकशी शीळ आली, अर्धीच, आणि वळण चुकलं तशी थांबली. मी पॅडला हात घातला तर हाताला नुसता पुठ्ठा लागला.

"संपल्या," मी म्हटलं. "लाल संपल्या."

"संपल्या म्हणजे?" ते वैतागून म्हणाले. डावा हात पुढे केलेला तसाच होता, शाईने बरबटलेला. "मग पिवळ्या दे."